उपासनेनंतरची खोली : पाचपैकी साडेतीन तारे

हा अभिप्राय चर्चच्या उपासनेबद्दल नाही. शेजारची जी खोली उपासनेनंतर उघडतात आणि बुधवारी दुपारीही उघडी ठेवतात, तिच्याबद्दल आहे. मी आठ महिने जातेय. हे गेल्यानंतर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून गेले. श्रद्धेला भरती आली होती असं काही नाही.

त्याआधी दुसऱ्या एका मंडळीत तीन रविवार काढले. दारात हात मिळवायचे, हसायचे, आणि तिसऱ्या रविवारीही तेच गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदाच आलात का?" गाणी तिथली खरंच सुंदर. पण सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला 'तिथे उभा राहा', यावरून बायबलमधल्या याकोबाला आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कान उपटावे लागलेच होते. म्हणजे दुखणं जुनंच. मला तर 'उभी राहा' असंही कुणी म्हटलं नाही.

इथं दाराशी एक काठीवाले आजोबा बसतात. "नाव सांगा आणि खुर्ची घ्या. खिडकीजवळची घेऊ नका, डगमगते." एवढंच. पुढच्या बुधवारी त्यांनी नावानं हाक मारली. माझं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून सांगते : सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठ-नियमांत ६६वं प्रकरण द्वारपालावर आहे. तो वयानं मोठा आणि शहाणा असावा, त्याची खोली दाराजवळ असावी, म्हणजे येणाऱ्याला उत्तर द्यायला कुणीतरी कायम हजर असेल. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मला जिना चढवत नाही म्हणून मी इथं बसतो."

खोलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रार्थना-विषयांची वही. पहिल्या महिन्यात मी नाव न घालता तीन शब्द लिहिले : 'झोप लागत नाही.' आठवड्यानं त्याखाली वेगळ्या, तिरप्या अक्षरात होतं, 'रोज रात्री दहाला आठवण करते. आता कसं आहे?' कुणाचं अक्षर ते अजून कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. खाली 'थोडी लागते' लिहून आले.

आता तक्रारी. त्या वहीतलं एका बाईंच्या मुलाचं प्रकरण दोन दिवसांत सगळीकडे झालं होतं. 'प्रार्थनेसाठी सांगतेय हं' अशी सुरुवात करून आपण काय काय पसरवतो, हे कुणीतरी व्यासपीठावरून एकदा बोलायला हवं. दुसरं, मधला घडीचा पडदा. तरुणांच्या सरावासाठी तो ओढतात आणि मग अलीकडे आम्ही म्हातारे, पलीकडे गिटार. सीरियातल्या दुरा-युरोपॉसला तिसऱ्या शतकातलं ख्रिस्ती सभेचं घर सापडलं आहे. तिथं दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली होती. आम्ही उलट भिंत घालतो! शिवाय छताला आवाज इतका घुमतो, की श्रवणयंत्र लावणाऱ्यांची पंचाईत होते. उताराची वाट केली आहे, पण तिच्या टोकाचं दार ढकलायला दोन माणसं लागतात. उपयोग काय?

शेवटी खुर्च्या सगळ्यांनी मिळून रचायच्या असतात. पहिल्यांदा मला हे खटकलं, पाहुणीला काय कामाला लावता म्हणून. पण आपण ज्याला सहभागिता म्हणतो तो मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया, आणि बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात (५:१०) मासेमारीत शिमोनाचे भागीदार असलेल्या याकोब-योहानांना (हा याकोब पत्रवाला नव्हे, येशूचा शिष्य) त्याच मुळाचा शब्द लावला आहे. जाळं ओढणारे भागीदार. तेव्हापासून मी चार-चार खुर्च्या उचलते, गुडघा कुरकुरला तरी.

वही आता कपाटात असते, किल्ली आजोबांकडे. बुधवारी तीन ते पाच. सव्वातीनच्या आत या, नाहीतर खिडकीजवळचीच खुर्ची उरते.