आयएफएस मानसोपचार, अकरा महिन्यांनंतर: उपचार खरा, पण पन्नास मिनिटांचा तास खटकतो

गेल्या महिन्यात, जूनमधल्या एका गुरुवारी, पुण्यात पावसाने झोडपले, आमच्या सोसायटीची वीज सव्वासहाला गेली ती साडेदहाला आली, आणि या दोहोंच्या मध्ये माझे २,५०० रुपये बुडाले. सात वाजता माझे आयएफएसचे, म्हणजे ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ या, मनातल्या निरनिराळ्या भागांशी बोलण्याच्या मानसोपचार पद्धतीचे ऑनलाइन सत्र होते. मोबाइलचा डेटाही चालेना, म्हणून शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उभे राहून मी कसाबसा संदेश पाठवला. उत्तर आले की चोवीस तास आधी रद्द न केलेले सत्र झालेच असे धरले जाते. वीज चोवीस तास आधी कळवून जात नाही, हे मी त्या केंद्राच्या व्यवस्थापनाला त्यानंतर सात ईमेलांतून निरनिराळ्या शब्दांत समजावून सांगितले आहे. हा अनुभव लिहायला बसलो तो त्या रागातूनच. मात्र निव्वळ रागातून लिहिले तर ते अर्धसत्य होईल, आणि सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेल्या माणसाला अर्धसत्य सोसत नाही.

आधी हिशेब सांगतो. मागच्या ऑगस्टपासून मी बारा सत्रांची तीन पॅकेजे घेतली. प्रत्येकी ३०,०००, म्हणजे एकूण ९०,००० रुपये, तेही आगाऊ. ३६ पैकी ३४ सत्रे झाली, एक विजेबरोबर गेले, एक शिल्लक आहे. आरोग्यविम्यातून एक पैसाही मिळाला नाही, कारण माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा समावेश नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले खरे, पण माझ्या पॉलिसीत त्या बरोबरीचा अर्थ दोघांनाही सारखेच शून्य असा निघाला.

पद्धतीची मूलतत्त्वे थोडक्यात लिहितो. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतील कुटुंबोपचारक. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत बुलिमियाच्या रुग्णांवर काम करताना त्यांना आढळले की घरातल्या माणसांचे परस्परसंबंध नीट लावून दिले तरी अधाशीपणे खाणे आणि ओकून टाकणे थांबत नाही, आणि रुग्ण स्वतःच ‘माझा एक भाग असे म्हणतो, दुसरा तसे म्हणतो’ या भाषेत बोलतात. मग त्यांनी कुटुंबाचे नियम मनाच्या आत लावून पाहिले. रोजचा कारभार सांभाळून नेणारे मॅनेजर, आग लागली की मिळेल त्या साधनाने ती विझवणारे फायरफायटर, जुने दुःख घेऊन आत कोंडलेले एक्झाइल, आणि या सर्वांहून निराळे, शांत आणि कुतूहलाने पाहणारे सेल्फ, अशी ती मांडणी आहे. मराठी माणसाला यात फारसे नवल वाटू नये. ‘एक मन म्हणते जावे, एक मन म्हणते राहावे’ असे बोलणाऱ्याला आपल्याकडे कोणी वेडा ठरवत नाही. येथे नवे एवढेच की दोन्ही मनांना समोर बसवून त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेतले जाते.

आता मूळ तक्रार. सत्र तासाचे म्हणून विकले जाते आणि पन्नास मिनिटांत संपते. मानसोपचारात हा जुना रिवाज आहे, उरलेली दहा मिनिटे उपचारक टिपणे काढतात आणि पुढच्या माणसासाठी स्वतःला मोकळे करतात, हे मला नंतर समजले आणि पटलेही. मात्र बोलून मन मोकळे करण्याच्या उपचाराला जे चालते ते या उपचाराला चालतेच असे नाही. पहिली दहा मिनिटे श्वास आणि शरीर स्थिरावण्यात जातात. पुढची वीस कोणता भाग पुढे आला आहे ते ओळखण्यात, आणि ‘त्याच्याविषयी तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नात जातात. उत्तर ‘राग येतो’ असे आले, तर तो राग हाही एक भागच ठरतो, आणि त्याला विनंती करून बाजूला बसवावे लागते. मॅनेजर आणि फायरफायटर या राखणदारांची परवानगी मिळून आतल्या कोंडलेल्या भागापर्यंत पोहोचेतो पस्तिसावे मिनिट उजाडलेले असते. ३४ पैकी एक सत्र नव्वद मिनिटांचे झाले, ते वगळून ३३ सत्रांची दहा-दहा मिनिटे म्हणजे ३३० मिनिटे, आणि मिनिटाला ५० रुपये या दराने १६,५०० रुपये. हा आकडा मी एका वहीत लिहून ठेवला होता. त्या वहीची गोष्ट पुढे येईल.

पहिल्या तीन महिन्यांनंतर कोणी विचारले असते तर मी पाचापैकी दोन तारे दिले असते. माझ्या थेरपिस्ट अनुभवी आहेत आणि मराठीच आहेत, पण त्यांचे प्रशिक्षण इंग्रजीत झालेले असल्यामुळे सत्रही नकळत इंग्रजीत घसरत असे. शरीरात काय जाणवते, असे त्यांनी इंग्रजीत विचारले की मी परीक्षेत बसल्यासारखा शब्द शोधू लागे. चौथ्या महिन्यात मी स्पष्ट सांगितले की हे सगळे मराठीतच व्हावे, आणि त्या दिवसापासून कामाला वेग आला. पोटात गोळा येणे, घशाशी येणे, जीव टांगणीला लागणे, मन खात राहणे: भाग शरीरात कुठे राहतात याचा निम्मा नकाशा आपल्या भाषेने आधीच काढून ठेवला आहे. इतरांनी पहिल्याच सत्रात भाषेचे बोलून घ्यावे, माझे ३०,००० रुपये यात गेले.

माझे मत बदलू लागले ते एकोणिसाव्या सत्रात. मी ज्या त्रासासाठी गेलो होतो तो पैशाचा होता, टंचाईचा मात्र नव्हता. मुलीने बाहेरून जेवण मागवले की मी तीन दिवस अबोला धरत असे. किराणा दुकानात पत्नी यादीबाहेरची वस्तू उचलत असे, तेव्हा माझे हात थंड पडत. भांडण झाले की त्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी मोबाइलवर जुन्या क्रिकेट सामन्यांची क्षणचित्रे पाहत बसे. (हा माझा फायरफायटर. त्याने १९८३ची अंतिम लढत किती वेळा पाहिली असेल याची मोजदाद नाही.) त्या सत्रात खर्च टिपणाऱ्या भागाकडे आम्ही वळलो. मी त्याला वहीवाला म्हणतो. थेरपिस्टनी त्याला विचारायला सांगितले, ‘हे काम तू थांबवलेस तर काय होईल अशी भीती तुला वाटते?’ उत्तर विचार करून आले नाही, ते एकदम आले: पिशवी रिकामी परत येईल. मग त्यांनी विचारले, ‘तुमचे वय आज किती आहे असे त्याला वाटते?’ वहीवाल्याच्या हिशेबी मी नऊ वर्षांचा होतो.

मुंबईतील गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. पावसाळ्यापर्यंत घरातले सर्व संपले होते आणि आईने मला उधारीची वही आणि पिशवी देऊन वाण्याकडे पाठवले. त्याने गिऱ्हाइकांसमोर वही परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, ‘आधीचे मिटवा, मग बघू.’ एवढेच. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. या प्रसंगाला जखम म्हणण्याची मला लाज वाटत होती, कारण आमच्या चाळीत याहून वाईट पुष्कळ घडले. ती लाज हाही एक राखणदार होता, हे कळायला आणखी चार सत्रे लागली. शिकागोत ही पद्धत आकार घेऊ लागली तो काळ आणि आमच्या चाळीतली चूल गारठली तो काळ साधारण एकच, हे मला फार नंतर सुचले. त्याला काही अर्थ नाही, पण नोंद करून ठेवतो.

तेविसाव्या सत्रात तो नऊ वर्षांचा मुलगा, म्हणजे आत कोंडलेला मी, भेटला. त्याच्यापाशी जाऊन उभे राहणे, त्याला काय सोसावे लागले ते त्याच्याकडून ऐकणे, त्याला त्या दुकानातून बाहेर आणणे, आणि मग ओझे उतरवणे, असा क्रम असतो. ओझे पाण्यात सोडावे, आगीत टाकावे की वाऱ्यावर द्यावे, हे तो भागच ठरवतो. मला हे आधी नाटकी वाटायचे. प्रत्यक्षात मुलाने हातातली वही खाली ठेवायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी थेरपिस्ट मृदू आवाजात म्हणाल्या की आपली वेळ संपत आली आहे. अठ्ठेचाळिसावे मिनिट होते. पुढची तीन सत्रे तो मुलगा आला नाही. वहीवाला दारात उभा राहिला आणि कोणालाच आत सोडेना. म्हणूनच मी म्हणतो की दहा मिनिटांचा मुद्दा हा कंजूषपणा नव्हे: नऊ वर्षांच्या मुलाला दुसऱ्यांदा दुकानातून परत पाठवले गेले, आणि या वेळी त्याचे ७,५०० रुपये मी भरले. आपण उपचार घेणार असाल तर नव्वद मिनिटांचे सत्र आहे का ते आधी विचारा. माझ्या केंद्रात ते होते, पण संकेतस्थळावर त्याचा उल्लेख नव्हता. सत्ताविसावे सत्र मी भांडून नव्वद मिनिटांचे करून घेतले, आणि त्यात वही खाली ठेवली गेली. सातव्या महिन्यापर्यंतचा माझा दोन ताऱ्यांचा निकाल तेथे बदलून चार झाला.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. मार्चमध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो असता आईला त्या वाण्याविषयी विचारले. ती म्हणाली, ‘अरे, त्यानं दुसऱ्याच दिवशी तांदूळ घरी पाठवले. पुढं सहा महिने उधारीवर तोच देत होता.’ मला यातले काहीही आठवत नाही. थेरपिस्टचे म्हणणे असे की आठवण तंतोतंत खरी आहे की नाही याचा निवाडा या उपचारात करायचा नसतो, त्या भागाने ओझे वाहिले हे खरे. त्यांचा युक्तिवाद मला समजतो. पण व्हाउचर नसलेली नोंद मी बँकेत मान्य केली नसती, आणि सत्रात आत वळल्यावर येणाऱ्या अर्धवट जागृतीच्या अवस्थेत सूचक प्रश्नांनी आठवणी घडवल्या जाऊ शकतात ही काळजी या क्षेत्रातील टीकाकारांनाही आहे. माझ्या थेरपिस्टनी माझ्या तोंडात एकही आठवण घातली नाही. तरी प्रत्येकाने हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

फरक काय पडला? अबोला तीन दिवसांवरून एखाद्या तासावर आला, आणि हा आकडा माझा नव्हे, पत्नीचा आहे. क्षणचित्रे अजून पाहतो, पण अकराच्या आत झोपतो. किराणा दुकानात पोटात गोळा येतो, तेव्हा मी मनात वहीवाल्याला माझे खरे वय सांगतो. तो ओशाळतो. त्याने काम सोडलेले नाही, आणि ते त्याने सोडावे अशी या पद्धतीची अपेक्षाही नाही. भाग काढून टाकायचे नसतात, त्यांना बरे काम द्यायचे असते.

उपचाराच्या पुराव्याबाबत अवाजवी समजूत नको. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवर झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत ही पद्धत घेतलेल्यांच्या वेदना आणि नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे दिसले आणि वर्षभरानंतरही त्यातला काही लाभ टिकला, मात्र अशा चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. भ्रम होणे, उन्माद, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असे काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालतो. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आणि आयएफएसचे प्रशिक्षण या दोन निराळ्या गोष्टी असून दोन्ही विचारून घ्याव्यात. मी पैसे भरल्यानंतर विचारल्या.

शेवटी पुन्हा विजेकडे येतो, कारण खरा दोष मला तेथेच दिसला. बुडालेल्या सत्राचा विषय मी काढला तेव्हा थेरपिस्ट म्हणाल्या, ‘हा राग तुमच्या कोणत्या भागाला येतो आहे?’ प्रश्न चुकीचा नव्हता. वहीवाला रागावलेला होताच. पण या भाषेत कोणत्याही आक्षेपाला एक भाग ठरवून त्याच्याविषयी कुतूहल दाखवता येते, आणि आक्षेप जागच्या जागी राहतो. पावती चुकली असेल तर ती आतल्या मुलाचीही चुकली आणि बाहेरच्या बावन्न वर्षांच्या ग्राहकाचीही चुकली. मी हे बोललो. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की हे बरोबर आहे आणि त्या व्यवस्थापनाशी बोलतील. त्या प्रामाणिकपणासाठी चारातला अर्धा तारा राखून ठेवला आहे.

व्यवस्थापनाकडून अजून उत्तर नाही. शिल्लक सत्राची मुदत महिनाअखेर संपते आणि ते मी नव्वद मिनिटांचे मागितले आहे, वरच्या चाळीस मिनिटांचे पैसे त्या बुडालेल्या सत्रातून वळते करावेत या मागणीसह. आठवे ईमेल आज सकाळी पाठवले. पाठवण्यापूर्वी डोळे मिटून आत एकेकाला विचारून पाहिले. कोणाचाही आक्षेप नव्हता.