एआर४८८ : नॅनोवरचा जीपीआयबी अडॅप्टर, चार स्टार

आधी निकाल सांगून टाकतो. लॅबमध्ये जुने जीपीआयबीवाले (जीपीआयबी म्हणजे मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची सामायिक केबल, 'बस') मीटर पडून असतील आणि कॉम्प्युटर लिनक्सवर चालत असेल तर महागड्या अडॅप्टरचं कोटेशन मागवायच्या आधी एआर४८८ लावून बघा. एआर४८८ हे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या आर्डुइनो नॅनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) चालतं. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते येईलच पुढे.

आमची लॅब फोंड्याकडे. तापमान बदलेल तसा सॅम्पलचा रेझिस्टन्स कसा बदलतो ते मोजायचं, बस एवढंच काम. भट्टीचा कंट्रोलर घरचा, आमच्या टेक्निशियनने व्हेरोबोर्डवर बांधलेला, तो यूएसबी सिरीयलवरून बोलतो, त्याचं काही दुखणं नाही. प्रश्न मीटर आणि करंट सोर्सचा. मीटर एचपी ३४४०१ए, त्याला आरएस-२३२ आहे म्हणा, पण किथली २२० सोर्सला जीपीआयबीशिवाय दुसरी भाषाच येत नाही, मग दोन्ही एकाच बसवर टाकलेले बरे.

ही जीपीआयबी बस एचपीने १९६०च्या दशकाच्या शेवटी काढली, १९७५मध्ये आयईईई ४८८ म्हणून स्टँडर्ड झालं. एका बसवर कंट्रोलर धरून १५ उपकरणं, केबल एकूण २० मीटरपर्यंत, आठ डेटा लाइन, तीन हँडशेकच्या, पाच कंट्रोलच्या. हँडशेक असा की सगळ्यात मंद उपकरणाने 'घेतलं' म्हटल्याशिवाय पुढचा बाइट जातच नाही, म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीचं डिझाइन आजही बाइट गाळत नाही.

खरी कटकट बसची नाही, युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या घराण्याच्या, बाजूची. एचपीच्या स्वतःच्या वर्कस्टेशनना ही बस घरचीच होती, सन कंपनीच्या मशीनमध्ये मात्र एसबस नावाच्या तिच्या स्लॉटचं वेगळं कार्ड घालायचं आणि त्याचा ड्रायव्हर ओएसच्या नेमक्या त्याच व्हर्जनला जुळला पाहिजे. आज कार्ड गेलं, यूएसबी आलं, दुखणं तेच. आमच्याकडे आधी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ड्रायव्हर लागणारा एक अडॅप्टर होता (नाव नको), कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हर परत कंपाइल करा, चवथीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली की पहिलं काम तेच. लिनक्स-जीपीआयबीचे ड्रायव्हर कित्येक वर्षं कर्नलच्या बाहेरच होते, ६.१३मध्ये स्टेजिंगमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या कच्च्या ड्रायव्हरांच्या कप्प्यात, आले, पण लॅबच्या मशीनवर एवढा नवा कर्नल कोण टाकतो?

एआर४८८ने हा सगळा वैताग एका झटक्यात मिटवला कारण लिनक्सला तो नुसता सिरीयल पोर्ट दिसतो. देव-टीटीवाय-यूएसबी-शून्य हा पोर्ट उघडा, ++अ‍ॅडर २२ लिहा (२२ हा मीटरचा बसवरचा पत्ता), मग स्टार-आयडीएन-प्रश्नचिन्ह (म्हणजे 'तू कोण?'), मग ++रीड, आणि मीटर आपलं नाव सांगतो. कमांड प्रोलॉजिक्स कंपनीच्या विकतच्या अडॅप्टरसारख्याच, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिलेले पायथन स्क्रिप्ट जवळपास तसेच चालतात. किथली २२० मात्र ४८८.२च्या (कमांडची भाषा ठरवणारं नंतरचं स्टँडर्ड) आधीचा म्हातारा, त्याला आयडीएन कळत नाही आणि प्रत्येक कमांडच्या शेवटी एक्स लावल्याशिवाय तो हलत नाही, हा दोष अडॅप्टरचा नाही.

स्पीडबद्दल सगळे विचारतात. अहो, मीटर १० पॉवर लाइन सायकलवर (विजेच्या १० फेऱ्यांइतका वेळ मोजणं) ठेवला तर आपल्या ५० हर्ट्झवर एका रीडिंगला ०.२ सेकंद, ऑटोझीरो (दर रीडिंगला स्वतःचा शून्य तपासणं) चालू असेल तर दुप्पट. एका रीडिंगची पंधरा-सोळा अक्षरं ११५२०० बॉडवरून (सेकंदाला एवढे बिट) जायला दीड मिलिसेकंदही लागत नाही. घाई करून करायचंय काय?

आता तो कापलेला स्टार. पहिलं म्हणजे स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते आणि उबंटू २२.०४वर बीआरएलटीटीवाय नावाची ब्रेलची सर्व्हिस त्याला ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट बळकावते, लावल्या लावल्या पोर्ट गायब. ब्रेल वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. दुसरं, पोर्ट उघडला की नॅनो रिसेट होतो, तेव्हा स्क्रिप्टमध्ये दोन सेकंद थांबा, नाहीतर पहिली कमांड हवेत. तिसरं जरा गंभीर. स्टँडर्डप्रमाणे बसच्या ड्रायव्हरने ४८ मिलिअँपिअर ओढायला हवेत, नॅनोच्या पिनची कमाल मर्यादाच ४०. दोन उपकरणांवर आमचं नीट चालतं, जास्त जोडायची तर ७५१६० आणि ७५१६१ या बफर चिप (बसचा करंट पेलणाऱ्या) नॅनो आणि बसच्या मधे घालाव्या लागतात. त्या नसतील तर आणखी एक गंमत होते, नॅनो बंद आणि मीटर चालू असला की बंद चिप बसच्या लाइन खाली ओढून धरते, आणि या बसवर खाली म्हणजे 'खरं', सगळं लटकतं. पावसात लाइट गेली-आली की हे ठरलेलं. कॉम्प्युटर आणि मीटर एकाच यूपीएसवर घ्या.

चोवीस पिनचा कनेक्टर पणजी-म्हापशात शोधत फिरू नका, ऑनलाइन मागवा किंवा भंगारातली केबल कापा. स्क्रू बघून घ्या, काळे ते मेट्रिक, चकचकीत ते जुने इंची, एकमेकांत जबरदस्तीने पिळले तर आटे गेले. आणि आमच्याकडच्या हवेत सॉकेटवर हिरवट थर चढतोच, जोडण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

जुन्या स्कोपवरून लांबलचक वेव्हफॉर्म ओढणाऱ्यांनी मात्र याच्या नादी लागू नये, तिथे सिरीयल खरंच रडवतो, तिथे कर्नल ड्रायव्हरवालाच घ्या आणि कर्नलचे अपडेट बंद ठेवा.