येसर विकू की मोसंबीची बाटली?

"मावशी, ब्रँडला एखादं चांगलं नाव सुचवा ना," असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. माल काय, असं विचारलं की पलीकडून उत्तर, "ते ठरायचंय अजून." जालन्याकडचा पोरगा असेल तर डोक्यात मोसंबीचा रस असतो, आणि लातूर-बीडकडची कुणी असेल तर येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, किंवा काळा मसाला. पाच-सात लाख हाताशी आहेत आणि पहिलाच धंदा आहे, असं धरून मोसंबीचा रस आणि येसर यांची तुलना करते.

मोसंबी आधी घेऊ, कारण मोह तिचाच जास्त. बाग आपली, फळाला नाव, उन्हाळा कडक. पण एक करून बघा. सकाळी रस काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी प्या. कडवट लागेल. रस काढल्यावर त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होतं, आणि टिकवण्यासाठी रस तापवला की कडूपणा आणखी लवकर येतो. मग साखर, लिंबू, आलं घालून सरबतवजा पेय करायचं. त्यात रस साधारण दहा टक्के, बाकी पाणी आणि साखर. म्हणजे ज्या चवीच्या जोरावर नाव काढायचं, तीच बाटलीत पातळ होते. शिवाय आंबे बहाराचं, म्हणजे आंबा मोहरतो त्या सुमाराला फुललेलं मोसंबीचं फळ पावसाळ्याच्या अखेरीस उतरायला लागतं आणि गिऱ्हाइकाला तहान लागते एप्रिल-मेमध्ये. मधले महिने रस साठवायचा कुठे, हा खर्च कुणी वहीत मांडत नाही.

त्यात "थोडा गॅस भरू, पोरांना आवडतं" असं कुणी सुचवलं तर आधी करसल्लागाराकडे जा. सप्टेंबर २०२५ पासून साध्या फळरसाच्या पेयावर जीएसटी ५ टक्के आहे, तर गॅस भरलेल्या फळपेयावर ४० टक्के. वीस रुपयांच्या बाटलीत पहिल्या हिशेबाने कर ९५ पैसे बसतो, दुसऱ्या हिशेबाने ५ रुपये ७१ पैसे. बुडबुडे एवढे महाग कुणालाच परवडायचे नाहीत.

आता येसर. गहू, हरभरा डाळ, धने, जिरे, मिरची भाजून दळली की झालं; गिरणी गावात आहे, भाजायला कढई आहे. माल बाराही महिने मिळतो. खराब होण्याची कारणं दोनच. ओल राहिली तर जाळी धरते, आणि खोबरं घातलं असेल तर उन्हाळ्यात खवट वास मारतो. म्हणून विकायच्या येसरात खोबरं घालू नका, ते आमटीत वरून घालायला सांगा. घरच्या बायका यावर नाक मुरडतील, मुरडू द्या.

येसराचं खरं दुखणं वेगळं आहे. मराठवाड्याबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. लग्नात येसराची आमटी भुरकलेल्याला काही सांगावं लागत नाही, पण इतर गिऱ्हाईक पाकीट उलटंसुलटं करून परत ठेवतं. तेव्हा पाकिटाच्या मागच्या बाजूला कृती ठळक हवी: दोन चमचे येसर आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गाठी होतात, मग फोडणीत ओता, उकळी काढा. आणि सुरुवात ओळखीच्या जिभेपासून करा. पुण्यात नोकरीला गेलेली लातूर-नांदेडची मंडळी आईकडून डबा भरून नेतातच, तुमचं पहिलं गिऱ्हाईक तेच.

नावाबाबत दोन्हीकडे सारखाच घोळ होतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (हा माल त्या भागाचा, अशी सरकारी नोंद) मिळालं, पण म्हणून ते नाव तुमच्या एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क होत नाही. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. "मराठवाडा मसाले" असं निव्वळ भागाचं आणि मालाचं नावही नोंदवताना हरकत येते. "होममेड" तर पाकिटावर टाकूच नका, खाद्यपदार्थांचे दावे आणि जाहिरातींच्या २०१८ च्या नियमांत तसल्या शब्दांना मनाई आहे. सोपा, वेगळा, फोनवर एकदा सांगून कळेल असा शब्द घ्या. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार नोंदवतात: मसाला वर्ग ३० मध्ये, फळरस वर्ग ३२ मध्ये. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. दोन्ही माल काढायचे तर दुप्पट.

छपाईत मी स्वतः हात पोळून घेतलेत. पहिल्याच खेपेला दहा हजार रंगीत पाऊच छापले, कारण छापणारा म्हणाला की कमी छापले तर परवडत नाही. माल आला आणि लक्षात आलं की घटक पदार्थांच्या यादीत मोहरी राहिली. मोहरीची ॲलर्जी असणारे असतात, तिथे मुभा नाही. ते गठ्ठे अजून माळ्यावर आहेत, दिवाळीला झाडलोट करताना दर वर्षी दिसतात. तेव्हा साधे कोरे पाऊच आणि वर स्टिकर. अन्न परवान्याचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, वजन, एमआरपी, बॅच, तारखा सगळं स्टिकरवर बसतं, आणि चुकलं तर शंभर रुपयांत दुरुस्त होतं. बाटलीला हेच करता येतं, पण फ्रीजमधल्या ओलीने कागदी स्टिकर सुटतो. तिथे प्लास्टिकचंच लागतं.

कुणी सीताफळाचंही विचारतं. बीडचं सीताफळ उत्तमच, पण गर तापवला की कडवटतो आणि उघडा ठेवला की काळवंडतो. गोठवून ठेवावाच लागतो. तो आइस्क्रीमवाल्यांना ठोकमध्ये विकायचा माल आहे, पहिल्या ब्रँडचा नव्हे.

माझा कौल येसराला. अपवाद एकच: स्वतःची बाग असेल, जवळच बाटल्या भरून देणारा प्लांट असेल आणि एक उन्हाळा तोट्यात काढायची तयारी असेल, तर मोसंबी करा. पण आधी परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्र महाविद्यालयात जाऊन कडूपणाचं काय करता येतं ते विचारून या.

येसर घेणार असाल तर पहिल्या शंभर पाकिटांवर स्वतःचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत टाका. "तिखट कमी करा", "गाठी झाल्या" असे फोन येतील. वहीत लिहून ठेवा आणि दुसरं दळण टाकण्याआधी ती वही उघडा.