शेततळं की पाण्याचा ताळेबंद?

दुष्काळी भागात पाणी टिकवायचे दोन मार्ग नेहमी ऐकू येतात. पहिला, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. शेततळं मुळात पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि आपलं म्हणायचं! वैशाखात पाणी उतरलं की काळ्या कागदावर पांढरट रेघा दिसतात. त्यातलं किती पिकाला गेलं आणि किती नुसतं उडालं, कोण सांगणार? तरी डाळिंबाची बाग जगते, हेही खरं.

दुसरा मार्ग पाण्याच्या ताळेबंदाचा, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा. पाऊस मोजायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. इथे पाण्याचा खर्च जमेत बसतो. अडचण एकच, पण मोठी: त्याला गावाची एकी लागते. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले, तेव्हापासून ती बांधली गेली. शेततळ्याला जेसीबी पुरतो.