पीएवायईतला जादा कर पगारातूनच परत: सोय उत्तम, पण ५ एप्रिलच्या आत

ब्रिटनमध्ये पगारातूनच कर कापण्याच्या पद्धतीला पीएवायई म्हणतात. तिच्यात वर्षाच्या मधेच नोकरीला लागलेल्या अनेकांच्या पहिल्या एक-दोन पगारांतून भलताच कर कापला जातो. तो परत मिळवायला सीए लागत नाही आणि रिटर्नही भरावं लागत नाही. टॅक्स कोड (किती रक्कम करमुक्त धरायची हे सांगणारा संकेत) दुरुस्त झाला की कंपनीचं पेरोल, म्हणजे पगार काढणारा विभाग, पुढच्या पगारात पैसे आपोआप परत घालतं. ब्रिटनचं कर खातं एचएमआरसी आणि कंपनीचं पेरोल मिळून चालवतात त्या या सोयीला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. कापलेला एक गुण कशाचा, ते ओघात येईलच.

आधी हिशोब बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. करमुक्त रक्कम वर्षाला १२,५७० पौंड, म्हणून नेहमीचा कोड १२५७एल. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं. समजा महिना ३,००० पौंडांवर कुणी ऑक्टोबरमध्ये रुजू झालं. त्या वर्षातली ब्रिटनमधली ही पहिलीच नोकरी, आणि एचआरने दिलेली स्टार्टर चेकलिस्ट (नव्या कर्मचाऱ्याने कराची माहिती द्यायचा फॉर्म) भरायची राहून गेली. चेकलिस्ट नाही आणि पी४५ही (आधीची नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा दाखला) नाही, म्हटल्यावर पेरोलला ०टी हा कोड एम१ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक महिना सुटा मोजून, लावावा लागतो. म्हणजे करमुक्त रक्कम शून्य, सगळ्या ३,००० वर २० टक्के, महिन्याला ६०० पौंड. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून १,२०० गेले.

डिसेंबरच्या पगाराआधी एचएमआरसीने १२५७एल हा साधा कोड पाठवला. आता पेरोलचं सॉफ्टवेअर एकट्या डिसेंबरचा कर काढत नाही, तर एप्रिलपासूनचा एकूण कर काढतं. ३१ डिसेंबरचा पगार हा करवर्षाचा नववा महिना. नऊ महिन्यांची करमुक्त रक्कम ९,४३४ पौंड आणि काही पेन्स, हातात पडलेला पगार ९,०००. देय कर शून्य, भरलेला १,२००. त्यामुळे पेस्लिपवर कराच्या ओळीत उणे १,२०० येतं. पेन्शनची कपात बाजूला ठेवली आणि नॅशनल इन्शुरन्स या सामाजिक विम्याचे महिन्याचे १५६.१६ पौंड वजा केले, तर नोव्हेंबरमध्ये २,२४३.८४ पौंड मिळालेल्या माणसाच्या खात्यात डिसेंबरमध्ये ४,०४३.८४ जमा होतात. जानेवारीचा कर ३०३.४०, आणि फेब्रुवारीपासून महिन्याला सुमारे ३९० ही नेहमीची घडी बसते. डिसेंबरचा आकडा बघून महिन्याचं बजेट मात्र आखू नका.

पेरोलकडे हे पैसे येतात कुठून? कंपनीला सगळ्या कर्मचाऱ्यांचा कर एचएमआरसीकडे भरायचा असतो, त्यातूनच ती ही रक्कम वळती करते. छोट्या कंपनीत भरायचा कर परताव्यापेक्षा कमी पडला, तर ती एचएमआरसीकडे पैसे मागू शकते. ‘आमच्याकडे एवढा पैसा नाही’ हे उत्तर म्हणून ग्राह्य धरू नका.

बहुतेकांची फसगत होते ती कोडच्या शेपटाशी. १२५७एल आणि १२५७एल एम१ हे दोन कोड एकसारखे दिसतात, पण एम१ किंवा डब्ल्यू१ लागला की प्रत्येक पगार सुटा मोजला जातो आणि मागचं काहीच धरलं जात नाही. काही पेस्लिपवर याच जागी नुसता एक्स असतो. वरच्याच पगारावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत १२५७एल एम१ राहिला, तर सहा महिन्यांत २,३४१.२० पौंड कर जाईल. साध्या कोडवर तो १,०८४.२० आहे. फरक १,२५७ पौंडांचा, आणि तो पेरोलमधून एक पेनीसुद्धा परत येणार नाही. ‘कोड तर बरोबर आहे की’ असं म्हणून गप्प बसणारे इथेच अडकतात.

रुजू होताना चेकलिस्ट नीट भरली तर हे सगळं टळतं. या करवर्षातली पहिलीच नोकरी असेल तर तिच्यातलं विधान ए निवडा, त्यावर साधा १२५७एल मिळतो. आधीची नोकरी सुटून ही एकच उरली असेल तर बी, त्यावर एम१. दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू असेल तर सी, त्यावर बीआर, म्हणजे पहिल्या पौंडापासून २० टक्के. भारतातून आलेले बरेच जण तिथली नोकरी डोळ्यांपुढे ठेवून बी निवडतात. ती नोकरी पीएवायईत मोजलीच जात नाही. कर-निवासी ठरणाऱ्याला वर्षाच्या मधे आला तरी पूर्ण १२,५७० ची सवलत असते. ब्रिटनमधलीच आधीची नोकरी असेल, तर पी४५चे भाग २ आणि ३ नव्या पेरोलकडे लगेच द्या आणि १ए स्वतःकडे जपून ठेवा.

चूक होऊन गेली असेल तर कोणाकडे जायचं? पेरोलच्या बाईंना रोज ईमेल पाठवून उपयोग नाही. कोड मनाने बदलायचा अधिकार त्यांना नाही, त्यांना एचएमआरसीकडून पी६ नावाची सूचना यावी लागते. म्हणून थेट एचएमआरसीचं ॲप किंवा वेबवरचं पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा. ॲपची जमेची बाजू इथे ठळक आहे: चालू कोड, तो कसा बनला, कोणत्या कंपन्या तुमच्या नावावर दिसतात आणि वर्षाचा अंदाजे पगार किती धरलाय, हे सगळं एका जागी दिसतं. दोन गोष्टी तपासा. जुनी नोकरी अजून चालू दिसतेय का? कंपनीने सोडल्याची तारीख कळवली नाही, की करमुक्त रक्कम तिकडेच अडकून राहते आणि नव्या नोकरीला बीआर लागतो. दुसरं, अंदाजे पगार. ऑक्टोबरात रुजू झालेल्याचा आकडा ३६,००० दिसत असेल तर तो १८,००० करा.

ॲपचा उंबरठा मात्र नवख्याला उंच वाटतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर हातात नसेल तर आत शिरणंच कठीण, आणि ओळख पटवताना मागितलेली कागदपत्रं नव्याने आलेल्याकडे अनेकदा नसतात. गुण कापला तो यासाठी. तोपर्यंत ०३०० २०० ३३०० हा फोन, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६. बोलताना पेस्लिप समोर ठेवा, कंपनीचा पीएवायई रेफरन्स (एचएमआरसीकडचा नोंदणी क्रमांक) सांगा आणि एकच गोष्ट स्पष्ट मागा: कोड क्युम्युलेटिव्ह, म्हणजे करवर्षाच्या सुरुवातीपासून एकत्र मोजणारा, करा. नुसतं ‘कर जास्त कापलाय’ म्हटलं की पुन्हा एम१वाला कोड हाती पडू शकतो.

पेरोलचं काम पगाराच्या तारखेआधी काही दिवस बंद होतं, ती तारीख विचारून ठेवा. पी६ तिच्यानंतर आला तर परतावा एक महिना पुढे जातो. एरवी त्याने बिघडत नाही, मार्चमध्ये मात्र दारच बंद होतं. ५ एप्रिलनंतर मागच्या वर्षाचा जादा कर पेरोलमधून देता येत नाही. मग जूनपासून निघणाऱ्या पी८०० या एचएमआरसीच्या कर-हिशोबाच्या पत्राची वाट बघा किंवा ऑनलाइन मागणी करा. हक्क लगेच बुडत नाही, ते करवर्ष संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत मागता येतं. पण पगारात आपसूक आलं असतं ते मागायला जावं लागतं.

नॅशनल इन्शुरन्स या हिशोबात येत नाही. नोकरदारांसाठी तो पगारागणिक सुटा मोजतात. वरच्या उदाहरणातले महिन्याचे १५६.१६ पौंड बरोबरच कापलेत, ते परत येणार नाहीत.

जोडीदाराला कमाई नसेल आणि तुम्ही मूळ दराने कर भरत असाल, तर मॅरेज अलाउन्सही (जोडीदाराच्या करमुक्त रकमेचा काही भाग आपल्याकडे घ्यायची सवलत) याच वाटेने मिळतो: कोड १३८३एम होतो आणि वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतात. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांच्या कोडपुढे एस असतो आणि दरही वेगळे, परताव्याची रीत मात्र तीच.

परतावा काढून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. ते करणार तेच जे ॲपवर फुकट होतं, आणि वर परताव्यातला मोठा वाटा घेणार. १५ मार्च २०२३ पासून परताव्याचा हक्क त्यांच्या नावे कायमचा लिहून देणारे करार ग्राह्य धरले जात नाहीत, पण पैसे आपल्या खात्यात मागवणारं नामनिर्देशन ते अजूनही सही करून घेऊ शकतात. सहीआधी तो कागद वाचा.

मधेच ब्रिटन सोडून परत जाणार असाल, तर पेरोलला तुमचं पुढचं काही करता येत नाही. शेवटच्या पगारासोबत मिळालेल्या पी४५वरचे आकडे घेऊन पी८५ हा ब्रिटन सोडल्याचं कळवणारा फॉर्म भरा, आणि ब्रिटनमधलं बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका.