व्हीएस कोड, आठ महिन्यांनंतर : तिरक्या नावाचा टॅब

व्हीएस कोड या कोड आणि मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेली फाइल आपोआप बंद का होते, असे गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने मला विचारले. याच प्रश्नाने मलाही सुरुवातीचे तीन महिने छळले होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

बाकीची मांडणी दोन दिवसांत हाताला बसते. कंट्रोल-बी दाबून साइड बार आणि कंट्रोल-जे दाबून खालचे पॅनेल मिटवता येते, हे माझ्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर फारच मोलाचे ठरले. मिनिमॅप, म्हणजे कडेला दिसणारी फाइलीची छोटी प्रतिमा, तर मी पहिल्याच दिवशी बंद केला. अडले ते टॅबच्या पट्टीपाशी. साइड बारमधील एक्सप्लोरर या फाइलींच्या यादीत फाइलवर एकदा क्लिक केले की ती केवळ पाहण्यापुरती उघडते, टॅबवरचे तिचे नाव तिरक्या अक्षरांत दिसते आणि दुसऱ्या फाइलवर क्लिक करताच तिची जागा ती दुसरी फाइल घेते. फाइल टिकवायची असेल तर तिच्यावर दोनदा क्लिक करावे लागते किंवा तिच्यात काहीतरी बदल करावा लागतो.

ही खूण माझ्या लक्षात न येण्याचे कारण आमच्या लिपीत आहे. मी एका मराठी शब्दसंग्रहाची पाने सांभाळतो आणि फाइलींची नावेही देवनागरीतच ठेवतो. रोमन अक्षरे कलली की लगेच कळते; ‘प्रस्तावना’ या नावात मात्र काने तेवढे किंचित कलतात, शिरोरेषा आडवीच राहते, आणि लहान आकारात तो फरक डोळ्यांना जाणवत नाही.

कारण समजताच मी चिडून सेटिंग्जमधील ‘एनेबल प्रिव्ह्यू’समोरची खूण काढून टाकली आणि प्रश्न मिटला असे मानले. पंधरा दिवसांत माझे मत बदलले. एक शब्द तपासण्यासाठी दहा फाइली चाळाव्यात तर दहाही टॅब उघडे राहत, नावे पट्टीबाहेर जात आणि हवी ती फाइल शोधण्यातच वेळ जाई. अरुंद पडद्यावर जागेची जी काटकसर मी इतर ठिकाणी कटाक्षाने करत होतो, तीच हा तिरका टॅब माझ्यासाठी करत होता. मी ती सोय पुन्हा सुरू केली.

आता चाळायच्या फाइली एक्सप्लोररमधून एका क्लिकने पाहतो, आणि ज्यांवर काम करायचे हे आधीच ठरलेले असते त्या कंट्रोल-पी दाबून नावाची दोन-तीन अक्षरे टंकून उघडतो, कारण त्या वाटेने आलेली फाइल मूळ सेटिंगनुसार टिकून राहते. चाळताना एखादी ठेवावीशी वाटली तर कंट्रोल-के आणि मग एंटर. सहकाऱ्यालाही मी हेच दाखवले. तरीही, जतन न केलेल्या फाइलीच्या टॅबवर जसा स्पष्ट ठिपका येतो, तशी एखादी खूण या तात्पुरत्या टॅबलाही मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.