आवाज सुटे करणारं एआय आणि गाणी रचणारं एआय : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी संगीत संयोजनाच्या कामात दोन प्रकारची एआय साधनं जवळजवळ रोज वापरते आहे. एक, तयार ध्वनिमुद्रणातून गायन आणि वाद्यं वेगवेगळी काढून देणारं. दुसरं, चार ओळींचं वर्णन (त्याला प्रॉम्प्ट म्हणतात) लिहून दिलं की अख्खं गाणं करून देणारं. नावं मुद्दाम घेत नाही. दोन्ही प्रकारांत मी तीन-तीन वेगवेगळी साधनं वापरून पाहिली आणि ज्या त्रुटी पुढे लिहिणार आहे त्या कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत दिसल्या. पहिल्या प्रकारचं साधन आता मी सोडणार नाही. दुसऱ्याची वर्गणी गेल्या महिन्यात बंद केली.

माझं काम म्हणजे लघुपट आणि नाटकांचं पार्श्वसंगीत, जिंगल, आणि नवीन गायकांच्या गाण्यांचं अरेंजिंग. त्यामुळे हा अनुभव मोठ्या स्टुडिओचा नाही, एकटीनं किंवा दोघा-तिघांत काम करणाऱ्यांचा आहे.

सुरुवात कॅसेटपासून झाली. माझ्याकडे गुरुजींच्या तालमींच्या अकरा कॅसेट आहेत. एकच माइक, तंबोरा, हार्मोनियम, तबला, गुरुजींचा आवाज आणि सगळ्यावर पसरलेली पंख्याची घरघर. गुरुजी आता नाहीत. या कॅसेट मी वीस वर्षं ऐकते आहे, त्यामुळे त्यात नवं काही सापडेल असं वाटलंच नव्हतं. तोडी रागाची तालीम पहिल्यांदा साधनात घातली आणि फक्त आवाजाचा ट्रॅक लावला. त्यातला कोमल गंधार मी गाते त्यापेक्षा स्पष्टपणे खाली होता, आणि रिषभावरून एक बारीक कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन तो लागत होता. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मग लक्षात आलं की इतकी वर्षं मी कॅसेटवरच्या हार्मोनियमचा गंधार उचलला होता. पेटीचा स्वर ठरलेल्या जागी असतो, तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, घेता येत नाही, आणि कॅसेटवर पेटी आवाजापेक्षा मोठी होती. त्या दिवसापासून मी तोडी नव्यानं बसवते आहे. या एका गोष्टीसाठी त्या साधनाची मी कायमची ऋणी आहे.

बीटल्सचं शेवटचं गाणं याच वाटेनं पूर्ण झालं. जॉन लेननच्या १९७०च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवर आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले होते. १९९५ मध्ये बाकीच्या तिघांनी प्रयत्न करून ते सोडून दिलं. मशीन लर्निंगनं आवाज वेगळा निघाला तेव्हा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते बाहेर आलं, आणि २०२५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात लेननचा आवाज एआयनं बनवलेला नाही. तो होताच, फक्त मोकळा केला गेला. हा फरक माझ्या दृष्टीनं फार मोठा आहे.

साधन काम कसं करतं हे समजून घेतलं तर त्याच्या चुका आधीच ओळखता येतात. ध्वनीचं एक चित्र बनतं : आडवा वेळ, उभी कंप्रता. त्या चित्राच्या प्रत्येक बारीक चौकटीत गायकाचा वाटा किती, तालवाद्याचा किती, असा अंदाज मॉडेल बांधतं. गाणी ऐकवणाऱ्या डीझर या कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर हे आवाज सुटे करणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं, मेटाचं तसंच डेमक्स आलं, आणि मग अशी साधनं घराघरांत पोचली. डेमक्स थेट ध्वनिलहरीवरही काम करतं. पण या संशोधनात वर्षानुवर्षं ज्या संग्रहावर शिकवलं आणि तपासलं गेलं त्या एमयूएसडीबी१८ मध्ये फक्त १५० गाणी आहेत, बहुतेक पाश्चात्त्य पॉप आणि रॉक वळणाची. म्हणून खणही चारच : गायन, ड्रम्स, बेस आणि बाकीचं. तबला घातला की त्याचे दोन तुकडे होतात. चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, आवाज ड्रम्समध्ये जातो आणि डग्ग्याची घुमार बेसमध्ये. पहिल्या आठवड्यात मला वाटलं डग्गा गायबच झाला. तो बेसच्या ट्रॅकवर निवांत घुमत होता. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की तबला बराचसा परत मिळतो. सारंगी आणि बासरी कधीकधी गायनाच्या खणात शिरतात, पेटीवर आवाजाची सावली राहते आणि तंबोरा सगळीकडे थोडाथोडा सांडतो.

कामाच्या दोन गोष्टी सांगते. एमपी३ देऊ नका, मूळ डब्ल्यूएव्ही असेल तर तीच द्या, कारण एमपी३सारख्या दाबलेल्या फाइलमध्ये वरच्या कंप्रतांचा काही भाग गेलेला असतो आणि निघालेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. आणि निघालेल्या ट्रॅकचा फेज उलटा करून, म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटी करून, तो मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवा; दोन्हींत सारखं असतं ते कटून जातं. जे उरतं ते ऐकलं की साधनानं काय उचललं आणि काय मागे ठेवलं हे कानाला लगेच कळतं. मी हे प्रत्येक वेळी करते.

आता गाणी रचणाऱ्या साधनाकडे येते. पहिले दोन आठवडे मी भारावून गेले होते हे कबूल करते. एका लघुपटासाठी पावसाच्या प्रसंगाचं पार्श्वसंगीत हवं होतं. अर्ध्या तासात बारा नमुने हातात. तंतुवाद्यांचा थर इतका सफाईदार की मला जमायला दोन दिवस गेले असते. अडचण हळूहळू समोर आली. सात मात्रांचा रूपक मागितला की चार-पाच आवर्तनांनंतर एक मात्रा कुठून तरी वाढायची आणि गाणं गुपचूप आठ मात्रांवर यायचं. मराठी शब्द दिले तर ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले दोन वेगळे ‘च’ एकाच साच्यातून निघायचे. वाक्य मराठी, उच्चार परका. ताज्या आवृत्तीत हे बरंच सुधारलं आहे, आणि आणखी सुधारेल याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे उच्चारांवरून मी हे साधन सोडलेलं नाही.

सोडलं ते वेगळ्या कारणानं. चौथ्या-पाचव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी चाल लावणं थांबवलं आहे. मी निवडत होते. बारातलं सातवं बरं, त्याचा मुखडा आणि तिसऱ्याचा अंतरा. कविता हातात आली की आधी मी ती मोठ्यानं वाचायचे, कुठला शब्द जड आहे, कुठे थांबावंसं वाटतं ते बघायचे, पेटीवर चुकीचे सूर लावायचे. त्या चुकांमधूनच चाल यायची. आता कविता मी नीट न वाचताच प्रॉम्प्टमध्ये चिकटवत होते. आवाज सुटे करणारं साधन मला जास्त ऐकायला लावत होतं, आणि हे साधन माझं ऐकणं कमी करत होतं. नऊ महिन्यांत मला सापडलेला खरा फरक हा आहे, ध्वनीच्या दर्जाचा नाही.

आणि मग डमीचा प्रश्न. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते : गाणं मुख्य गायकाकडे जाण्याआधी कुणीतरी ते कच्चं गाऊन ठेवतं, त्याला डमी म्हणतात. मोठी नावं झालेल्या कित्येकांनी डमी गाऊनच कामं मिळवली आहेत. माझ्यासाठी एक मुलगी सहा वर्षं डमी गाते. गाणी रचणारं साधन आल्यावर मी तिला बोलावणं बंद केलं. असं काही ठरवलं नव्हतं, पण गरजच पडली नाही. तीन महिन्यांनी तिचा फोन आला. “ताई, माझं काही चुकलं का?” मला उत्तर देता आलं नाही. संगीतकारांच्या आयुष्यात एआयनं काय बदललं असं कुणी विचारलं तर मला तो फोन आठवतो. पडद्यावर नाव येणाऱ्या गायकाला अजून तरी काम आहे. ज्या पायऱ्या चढून माणूस तिथे पोचतो, डमी, कोरस, एका दिवसाचं व्हायोलिन सेशन, त्या पायऱ्या आधी गेल्या.

क्लायंटही बदलले. पूर्वी ते एखादं गाणं ऐकवून “असं काहीतरी” म्हणायचे. आता स्वतःच बनवून आणलेला ट्रॅक देतात आणि “फक्त साफ करून द्या” म्हणतात. मोबदला निम्म्याहून कमी, श्रेय नाही. शिवाय तो ट्रॅक कुणाच्या मालकीचा हे त्यांनाही माहीत नसतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे की नुसता प्रॉम्प्ट लिहिल्यानं निर्मितीवर हक्क मिळत नाही, माणसाचं सर्जनशील योगदान दिसलं पाहिजे. जून २०२४ मध्ये तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या गाणी रचणाऱ्या साधनांवर कॉपीराइटभंगाचे दावे लावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या तिघींपैकी युनिव्हर्सल आणि युडिओ यांच्यात समझोता झाला आणि त्यापाठोपाठ युडिओवरून गाणी डाउनलोड करणं बंद झालं. ही साधनं वापरणार असाल तर केलेलं काम त्याच दिवशी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या.

गर्दीचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देते. डीझरनं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज पूर्णपणे एआयनं बनवलेले सुमारे ५०,००० ट्रॅक येतात, म्हणजे नव्यानं येणाऱ्या ट्रॅकपैकी ३४ टक्के. या ढिगात नव्या गायकाचं पहिलं गाणं कुणाच्या कानावर पडणार, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आवाजाच्या नकलेचं प्रकरणही माझ्यापर्यंत आलं. एका क्लायंटनं सुचवलं की डमी गाणाऱ्या मुलीच्या जुन्या फाइल्स आहेतच, त्यावरून तिच्या आवाजाचं मॉडेल करून टाकू. मी नकार दिला. तो आवाज माझ्या डिस्कवर असला तरी माझा नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये एका चित्रपटगीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांचा आवाज एआयनं परस्पर वापरण्याला मनाई केली. नावाजलेल्या गायकाला न्यायालय गाठता येतं. डमी गाणारीला ते परवडणार नाही. आता आम्ही कागदावर लिहून घेतलं आहे की तिच्या फाइल्सवरून कुठलंही मॉडेल बनवायचं असेल तर तिची लेखी संमती आणि वेगळा मोबदला. तुम्हीही लिहून घ्या, आज गरज वाटत नसली तरी.

सध्याची माझी पद्धत अशी : आवाज सुटे करणारं साधन रोज. घरघर काढणारं, त्याच जातीचं, जुन्या फाइल्सना. रचनेसाठी पेटी आणि वही. त्यानं कामं थोडी कमी झाली आहेत आणि वेळ जास्त लागतो, हे खरं आहे.

वर्गणी बंद केल्यानंतरच्या पहिल्या गाण्याला मी त्या मुलीला फोन केला, आणि आधी माफी मागितली. ती आली. अंतऱ्याची दुसरी ओळ तिनं दोनदा गायली आणि थांबली. म्हणाली, “ताई, इथे श्वास बसत नाहीये. ‘अजून’ आधी घेऊ या का?” आम्ही कवीला विचारून ‘अजून’ ओळीच्या सुरुवातीला आणला. चाल तिथून कोमल निषादाकडे वळली, जिकडे जाण्याचा माझा विचारही नव्हता. गाणं तसंच ठेवलं आहे. पुढच्या बुधवारी तिच्याच आवाजात फायनल टेक आहे.